बर्फाच्या गुहेच्या गावात वसंत

मार्च लागला की आमच्या गल्लीतले एक सत्तरीपुढचे शेजारी गोठलेली जमीन किती सुटली ते पाहायला रोज सकाळी अंगणात लोखंडी सळई खुपसून बघतात. सळई किती आत गेली, ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितात. पहिला रॉबिन पक्षी कधी दिसला, नदीवरचा बर्फ कधी फुटला, बेडूक कधी ओरडायला लागले, सगळ्या नोंदी तिथेच. जुनी कॅलेंडरं त्यांनी तळघरात जपून ठेवली आहेत. गावात त्यांना थोडं विक्षिप्त समजतात. मला मात्र या गावाचा सगळ्यात नेमका इतिहास त्या तळघरात आहे असं वाटतं.

हे गाव डेकोरा. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ईशान्य कोपऱ्यातलं, जेमतेम साडेसात हजार वस्तीचं. नाव हो-चंक आदिवासींच्या एका प्रमुखाचं, पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे येऊन राहिले ते मुख्यतः नॉर्वेचे शेतकरी, लुथरन पंथाचे. त्यांचं ल्यूथर कॉलेज १८६२मध्ये या गावात आलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी साताऱ्याहून इथे आले, तेव्हा या लोकांच्या अबोलपणाने गोंधळून गेले होते. कसे आहात विचारलं तर उत्तर एकच, ‘वाईट नाही.’ घरात नातवंड जन्मलं तरी तेच. आनंद झाला की ही माणसं तो बोलत नाहीत, काहीतरी करायला घेतात. आणि वसंताची चाहूल लागली की जो तो आपापल्या परीने काहीतरी करायला घेतोच.

आपल्याकडे फाल्गुनात आंब्याचा मोहर दरवळतो. इथे तेव्हा सगळं तपकिरी असतं. वितळणारा बर्फ, चिखल, रस्त्यांना पडलेले खड्डे. रात्री पारा शून्याखाली, दिवसा चार-पाच अंशांवर. पण मेपलच्या झाडाला हीच चढउतार हवी असते. तिच्यामुळे खोडात दाब कमीजास्त होतो आणि रस वाहू लागतो. खोडाला भोक पाडून तोटी ठोकायची आणि तिला बादली अडकवायची. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक मिळतो. आमच्या मागच्या घरातले गृहस्थ गॅरेजसमोर चूल मांडून रात्री उशिरापर्यंत रस आटवतात, शेजारी खुर्ची टाकून एकटेच बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हातात न बोलता पाकाचा कप देतात. झाडाला कळ्या फुटल्या की रसाची चव बिघडते आणि चूल विझते.

समोरच्या बाईंच्या घरात मार्चमध्ये पाहुण्याला बसायला जागा नसते. प्रत्येक खिडकीत, सोफ्यावरसुद्धा, दह्याच्या रिकाम्या डब्यांत टोमॅटोची रोपं. डेकोराजवळ ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ ही देशी बियाणं जपणारी संस्था आहे, तिच्या त्या जुन्या सभासद. या संस्थेच्या एक संस्थापक डायअ‍ॅन ऑट व्हीली यांना आजोबांनी दोन वाणांचं बी दिलं होतं. एक जांभळ्या फुलांच्या वेलीचं, दुसरं गुलाबी टोमॅटोचं. कुटुंबाने ते बव्हेरियातून आणलेलं. हे बी आपल्याबरोबर संपू नये म्हणून डायअ‍ॅन आणि केंट व्हीली यांनी १९७५मध्ये मिझुरीत ही संस्था सुरू केली आणि पुढे ती डेकोराला आणली. त्या वेलीला आज ‘ग्रँडपा ऑट्स’ म्हणतात. समोरच्या बाईंकडे ती कुंपणभर आहे.

चर्चमध्ये हा काळ ईस्टरपूर्वीच्या उपासाचा. रविवार वगळून चाळीस दिवस. दर बुधवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात सूप आणि पाव, मग सायंप्रार्थना. या दिवसांत ‘हालेलुया’ हा शब्द गायचा नाही असा रिवाज आहे. काही चर्चमध्ये मुलं तो शब्द रंगवलेला कापडी फलक पेटीत बंद करून ठेवतात. सूप कोणी करायचं याची यादी भिंतीवर लागते. एका आजींचं वाटाण्याचं सूप दरवर्षी पहिल्याच बुधवारी हवं, त्यात बदल झालेला कोणाला चालत नाही. मला हे बुधवार फार आवडतात. हिवाळाभर दारं लावून बसलेली माणसं इथे पुन्हा एका बाकावर येतात.

गावाच्या कडेला चुनखडीच्या कड्यात एक गुहा आहे. बाहेर बर्फ वितळू लागतो, तेव्हा तिच्या भिंतींवर बर्फ धरू लागतो! हिवाळ्यातली जड, थंड हवा खाली गुहेत उतरते आणि आतला खडक गारठवून ठेवते. वसंतात वरचं पाणी फटींतून झिरपतं, त्या खडकाला लागतं आणि गोठतं. हा बर्फ ऐन उन्हाळ्यापर्यंत टिकतो. एप्रिलच्या उबदार दुपारी गुहेच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं हा कित्येकांचा नेम. जिना उतरून आत पाऊल टाकताच श्वासाची वाफ दिसते.

बाहेर आठ अंश ऊन पडलं की कॉलेजची पोरं अर्ध्या चड्डीत फिरतात. आइस्क्रीमचं दुकान उघडतं आणि लोक लोकरीच्या टोप्या घालून रांगेत उभे राहतात. आठवड्याने पुन्हा बर्फ पडतो. त्याचं कोणी फार मनावर घेत नाही, फावडी अजून दाराशीच असतात. टोमॅटो मात्र मे अर्धा उलटल्याशिवाय बाहेर लावायचे नाहीत, याबाबत समोरच्या बाई आणि सळईवाले आजोबा यांचं पूर्ण एकमत आहे. तो दिवस आला की बाई ढकलगाडीत रोपं भरून गल्लीभर फिरतात आणि प्रत्येक दाराशी दोन-दोन डबे ठेवतात. प्रत्येक डब्यावर वाणाचं नाव पेन्सिलीने लिहिलेलं असतं.