होडीचा नांगर

जलप्रवासास निघणारा मनुष्य होडीचें शीड पाहतो, सुकाणू तपासतो, वल्हीं मोजतो. नांगराकडे मात्र त्याचें लक्ष सर्वांच्या शेवटीं जातें. नांगर म्हणजे होडी उभी करण्याचें लोखंडी ओझें, एवढीच आपली सामान्य कल्पना असते. परंतु वारा किनाऱ्याकडे वाहत असतां यंत्र बंद पडलें किंवा शीड फाटलें, म्हणजे होडीला व तिच्यांतील माणसांना खडकापासून दूर ठेवणारें साधन नांगराखेरीज दुसरें उरत नाहीं. आपल्या घरांतील तरुण मंडळी हौसेनें खाड्यांतून व जलाशयांवर होड्या नेऊं लागली आहेत. तेव्हां नांगर कसा निवडावा, याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिली गोष्ट ही कीं, लहान होडीचा नांगर मुख्यतः वजनानें नव्हे, तर तळांत रुतून होडी धरतो. जुन्या नाविकांना हें तत्त्व ठाऊक होतें. द्वारकेजवळ समुद्रतळाशीं जे दगडी नांगर सांपडले आहेत, त्यांतील कित्येक त्रिकोणी असून त्यांना तीन भोकें आहेत: वरचें दोरासाठीं आणि खालचीं दोन लांकडी दांड्यांसाठीं. हे दांडे तळांत शिरून पकड घेत. नुसत्या दगडाच्या भारानें काम भागतें, तर दांड्यांची यातायात कोणीं केली असती? आपल्या भाषेनेंही शेतकऱ्याच्या व नाविकाच्या या साधनांना एकच नांव दिलें आहे.

हें नामसादृश्य विलायतेंतील एका गणितज्ञानें अक्षरशः खरें करून दाखविलें. केंब्रिजचे जेफ्री इन्ग्रॅम टेलर (१८८६–१९७५) हे प्रवाही पदार्थांच्या गतिशास्त्रांतील थोर पंडित. शिडाच्या नौकेंतून दूरवर जाण्याचा त्यांना मोठा नाद होता. ज्यांच्या नांवानें एव्हरेस्ट शिखर ओळखलें जातें, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी ही टेलरांच्या आईची आई. जुन्या घाटाच्या नांगराला आडवा दांडा व दोन हात असत. एक हात जमिनींत रुते, पण दुसरा वर उभा राही. वारा फिरला कीं दोर त्यांत अडकून नांगर उपटला जाण्याचें भय असे. टेलर यांनीं १९३३ सालीं शेताच्या नांगरासारखा फाळ असलेला नवा नांगर पुढें आणला. फाळ आणि दांडा यांच्यामध्यें सांधा असल्यामुळें ओढीची दिशा बदलली तरी फाळ सहसा उचलला जात नाहीं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हलका पण घट्ट धरणारा नांगर हवा होता, ही गरजही त्यांच्या डोळ्यांपुढें होती.

यानंतर दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या रिचर्ड डॅनफर्थ यांचा दोन रुंद, चपट्या पात्यांचा नांगर प्रसिद्धीस आला. सैन्य उतरविणाऱ्या नौका किनाऱ्याकडे जातांना तो मागें टाकीत, व परततांना त्याच्याच दोरावर स्वतःला ओढून घेत.

तथापि सर्व तळांवर सारखाच चालेल, असा नांगर नाहीं. वाळू व चिखल यांत चपट्या पात्यांचा नांगर वजनाच्या मानानें उत्तम धरतो. पण वारा उलट फिरून तो एकदां निघाला, तर पुन्हां रुतेलच असें नाहीं. फाळाचा नांगर वजनानें अधिक, पण वारा फिरल्यास अधिक भरंवशाचा. खडकावर चार आंकड्यांचा गळासारखा नांगर कपारींत अडकतो. वाळूंत मात्र तो जवळजवळ निरुपयोगी. म्हणून आमचें मत असें कीं, होडीवर दोन नांगर असावे: एक वाळू-चिखलाचा आणि एक लहान, खडकाचा. वजन ठरवितांना मन साशंक झालें, तर एक माप मोठेंच घ्यावें.

नांगर कितीही चांगला असला तरी ओढ आडवी नसेल तर तो व्यर्थ होय. दोर उभा ताणला गेला कीं नांगर वर उचलला जातो. यासाठीं नांगराला लागून कांहीं मीटर साखळी लावावी आणि दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पांचपट, वारा वाढल्यास सातपट, सोडावा. खोली मोजतांना होडीच्या नाळेची उंची व येणारी भरती विसरूं नये. समजा, ओहोटीला पाणी तीन मीटर आहे आणि नाळ पाण्यापासून एक मीटर उंच आहे. पांचपट म्हणजे वीस मीटर दोर सोडला. मुंबईच्या बंदरांत उधाणाला पाणी चार मीटरांहूनही अधिक चढतें. चार मीटर चढलें तरी एकूण उंची आठ मीटर होऊन तोच दोर अडीचपट राहतो, आणि निजलेल्या मंडळींना नकळत होडी सरकूं लागते. त्या ठिकाणीं चाळीस मीटर दोर हवा होता.

नांगर टाकल्यावर होडी हळूहळू मागें जाऊं द्यावी व दोर ताणून पाहावा. किनाऱ्यावरील एका रेषेंत दिसणाऱ्या दोन खुणा, एखादें देऊळ व त्यामागचें झाड, मनांत धराव्या. त्या एकमेकींपासून सरकूं लागल्या तर सावध व्हावें. दोरावर हात ठेवावा. तो थरथरत असेल, तर नांगर तळावरून फरफटत आहे असें समजावें. घरची मुलें होडींत बसण्यापूर्वीं नांगर कोणता, साखळी किती आणि दोर किती, हे तीन प्रश्न वडील मंडळींनीं अवश्य विचारावे.