मर्जी मिळाली, पुढे काय?

वरिष्ठांची मर्जी संपादन करण्यासाठी माणसे गोड बोलतात, भेटी देतात, पुढे पुढे करतात. विज्ञानाच्या क्षेत्रात तरी असले काही चालत नसेल, असे पुष्कळांना वाटते. मायकेल फॅरडे यांचे उदाहरण पाहू.

लोहाराचा हा मुलगा लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडे यांनी चार व्याख्याने ऐकली, टिपणे आकृत्यांसह सुवाच्य अक्षरांत लिहून काढली, स्वतः बांधली आणि नोकरीच्या विनंतीपत्रासोबत डेव्हींकडे पाठविली. वक्त्याला त्याचेच शब्द इतक्या निगुतीने परत मिळावेत, याहून गोड खुशामत कोणती? याआधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना धाडलेल्या पत्राला उत्तरही आले नव्हते. डेव्हींचे मात्र आले. १ मार्च १८१३ रोजी फॅरडे रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाले.

पण ती वही नुसती खुशामत नव्हती. नीट ऐकणे, समजून घेणे, अचूक आकृती काढणे आणि हातांचे कसब, हे प्रयोगशाळेला लागणारे सारे गुण तिच्यात दिसत होते.

पुढे काय झाले? १८२१ साली फॅरडे यांनी भांड्यात पारा घेऊन मध्ये चुंबक उभा केला आणि वरून टांगलेल्या तारेचे टोक पाऱ्यात बुडविले. विद्युत्प्रवाह सुरू होताच तार चुंबकाभोवती फिरू लागली. आजच्या विद्युत् मोटारीचे मूळ ते हेच. (पारा विषारी आहे, हा प्रयोग घरी करू नये.) वुलस्टन यांची कल्पना उचलल्याचा आरोप फॅरडे यांच्यावर झाला आणि डेव्हींची मर्जी फिरली. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी फॅरडे यांचे नाव पुढे आले तेव्हा डेव्ही तिचे अध्यक्ष होते. त्यांनी विरोध केला. तरीही १८२४ साली फॅरडे निवडून आले. विरोधात एकच मत पडले. शिफारसपत्रावर खुद्द वुलस्टन यांची सही होती!

मर्जीमुळे दार उघडले, हे खरे. मर्जी गेल्यावर फॅरडे यांच्या बाजूने उभे राहिले ते त्यांचे काम. कोणीही प्रवाह सुरू करावा, तार फिरणारच!

विद्यार्थी मित्रहो, शिक्षकांशी, परीक्षकांशी अवश्य गोड बोला. पण गॅल्व्हानोमीटरचा काटा नमस्काराने हलत नाही. त्यासाठी जोडणीच बरोबर करावी लागते.