काल सांजेक बरो होतो

देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसात इथली लाईट सांगून जात नाही. एकदा रात्रभर ती गेली आणि मी उतरलो होतो त्या घरातला जुना लिनक्सवाला संगणक सकाळी उठेचना. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी, आणि शेवटी हुकूम : एफएससीके हाताने चालवा. ‘‘ह्येका काय झालां? काल सांजेक बरो होतो,’’ घरची काकी म्हणाली.

एफएससीके हा रोग नव्हे, तपासनीस. युनिक्सच्या जमान्यातला. बेल लॅब्जच्या टी. जे. कोवाल्स्कींचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. बर्कलीच्या मार्शल कर्क मॅककुसिकनी तो नव्या रचनेसाठी सुधारला. लिनक्सवरचा त्याचा अवतार थिओडोर त्सो यांचा.

काम तलाठ्याचं. डिस्कचा कुठला तुकडा कुठल्या फाइलच्या नावावर, याचा सातबारा तो पडताळतो. एकाच तुकड्यावर दोन नावं लागली का? रिकामी म्हणून नोंदलेल्या जागेत कुणी राहतंय का? बेवारस सापडलेल्या फाइली तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवतो, नावाऐवजी नुसता आकडा लावून. 2001 मध्ये एक्स्ट-3 ही फाइल-व्यवस्था लिनक्समध्ये आली, तेव्हापासून बदल आधी वहीत टिपला जातो, मग जागेवर होतो. त्यामुळे नुसती लाईट गेल्याने आता सहसा एवढं अडत नाही. वही वाचून गाडी पुढे जाते.

मग इथे का अडलं? वरची ओळ नीट वाचली : डिस्कवर शेवटचं लिखाण ‘भविष्यात’ झालंय. संगणकाच्या मते साल होतं 2009! मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर 2032, संपला होता. प्लगमध्ये वीज असेपर्यंत घड्याळ चालायचं, म्हणून काल तो ‘बरो’. रात्रभर वीज गेली आणि घड्याळ जन्मतारखेला जाऊन बसलं. तपासनीस बिचारा प्रामाणिक; उद्याची नोंद आज कशी, एवढंच विचारत होता.

अशा वेळी पुष्कळ जण सरळ ‘वाय’चा पर्याय देऊन प्रत्येक प्रश्नाला हो म्हणून टाकतात. मला ते पटत नाही. डिस्कच खराब असेल तर ती दुरुस्ती उरलंसुरलंही घालवू शकते. आधी प्रत काढावी. आणि चालू, जोडलेल्या डिस्कवर तर हा प्रोग्रॅम दुरुस्तीला लावूच नये.

आम्ही नवा सेल बसवला, बायॉसमध्ये तारीख लावली. संगणक काही न विचारता उठला.