475 विरुद्ध 475

शर्यतीचं गणित : भाग 6

असोद्याच्या शिवारात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती. भरीत पार्टीला जमलेल्यांत ही लेखमाला वाचणारे एक आबा होते. ते शंकरपटाचे जुने शौकीन. कुठल्या पटात कुठल्या जोडीने किती सेकंद घेतले, हे त्यांना आजही तोंडपाठ आहे. मागचा भाग वाचून त्यांच्या मनात एक शंका राहिली होती. ते म्हणाले, "भाऊ, दोघायचे गुन बराबर झाले त मंग पयला नंबर कोनाले?"

पटाच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. पटात जोडी सुटते, घड्याळ चालू होतं, जोडी रेषा ओलांडते आणि सेकंदाच्या बारीक हिशोबात निकाल लागतो. त्या दिवसाचं बक्षीस त्या दिवशीच वाटलं जातं. पुढच्या गावच्या पटात सगळे पुन्हा शून्यावरून सुरू करतात. अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेत मात्र मार्चमध्ये मिळवलेला गुण सप्टेंबरपर्यंत सोबत चालतो, आणि शेवटच्या दिवशी कधी कधी तोच कामाला येतो. म्हणून आजचा सगळा भाग एकाच हंगामाला देतो. हंगाम 2006 चा. यापेक्षा अटीतटीचा हंगाम मी तरी पाहिलेला नाही.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ओपन-व्हील म्हणजे चाकांवर मडगार्ड किंवा पत्रा नसलेली, एकच माणूस बसेल अशी गाडी. त्या काळात यातल्या बहुतेक शर्यती अंडाकृती ट्रॅकवर, म्हणजे ओव्हलवर होत. पहिल्याला 50 गुण, दुसऱ्याला 40, तिसऱ्याला 35, चौथ्याला 32, पाचव्याला 30 आणि पुढे उतरत्या क्रमाने. शिवाय शर्यतीत ज्याने सर्वाधिक फेऱ्या आघाडीवर काढल्या त्याला 3 गुण जास्तीचे. हे 3 गुण लक्षात ठेवा, पुढे त्यांचं मोठं काम आहे.

2006 मध्ये 14 शर्यती होत्या. खरी झुंज चौघांत झाली. पेन्स्के संघाचे दोघे : ओहायोचा सॅम हॉर्निश ज्युनिअर आणि ब्राझीलचा हेलिओ कॅस्ट्रोनेव्हेस. गनासी संघाचे दोघे : आदल्या वर्षीचा विजेता, इंग्लंडचा डॅन व्हेल्डन, आणि न्यूझीलंडचा स्कॉट डिक्सन. टोयोटा आणि शेव्हरोले बाहेर पडल्यामुळे त्या वर्षी सगळ्यांच्या गाडीत होंडाचंच इंजिन होतं. टायर सगळ्यांना फायरस्टोनचे. या चौघांच्या गाड्यांचा सांगाडाही डलारा या एकाच इटालियन कंपनीचा. यंत्रात फरक उरला नाही की फरक उरतो तो हाताचा, डोक्याचा आणि पिटमधल्या, म्हणजे इंधन भरण्याच्या नि टायर बदलण्याच्या थांब्यावरच्या, माणसांच्या चपळाईचा. त्यात ओव्हलवर पुढच्या गाडीच्या मागे हवा विरळ होते. मागची गाडी त्या पोकळीत शिरून जास्त जोर न लावता पुढचीला गाठते, त्यामुळे कोणी एकटा निसटून जाऊ शकत नाही.

सुरुवात फार वाईट झाली. 26 मार्चला फ्लोरिडातल्या होमस्टेड ट्रॅकवर पहिली शर्यत होती. सकाळच्या सरावात पॉल डॅना या 30 वर्षांच्या चालकाची गाडी अपघात होऊन थांबलेल्या दुसऱ्या गाडीवर आदळली आणि तो गेला. डॅना मुळात पत्रकारितेचा विद्यार्थी. शर्यतीच्या इंधनात इथेनॉल यावं म्हणून त्याने मनापासून धडपड केली होती, त्याच्या गाडीचे प्रायोजकही इथेनॉलवालेच होते. तोवर या गाड्या मिथेनॉलवर चालत. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. पिटमधल्या माणसाचे कपडे पेटले तरी बाजूच्याला पटकन कळत नाही, इतकं ते फसवं असतं. 2006 मध्ये त्यात 10 टक्के इथेनॉल मिसळलं गेलं आणि 2007 पासून मालिका इथेनॉलवर गेली. अमेरिकेतलं इथेनॉल मुख्यतः मक्यापासून होतं. आपल्या खान्देशात मका पिकवणाऱ्यांना आणि पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल भरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. डॅनाला मात्र ते 2007 साल दिसलं नाही.

त्याच्या संघाने उरलेल्या दोन्ही गाड्या मागे घेतल्या. शर्यत त्याच दुपारी झाली. ती व्हायला हवी होती का, यावर तेव्हाही दोन मतं होती. मला ती त्या दिवशी नको होती असं वाटतं. पण झाली, आणि तिच्या शेवटच्या क्षणात या हंगामाचं बी पेरलं गेलं. व्हेल्डन आणि कॅस्ट्रोनेव्हेस खांद्याला खांदा लावून रेषेवर आले. व्हेल्डन 0.0147 सेकंदाने जिंकला. ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेग धरला तर एवढ्या वेळात गाडी दीड मीटरही पुढे सरकत नाही. व्हेल्डनला 50, कॅस्ट्रोनेव्हेसला 40.

हेलिओने पुढच्या दोन्ही शर्यती जिंकल्या, सेंट पीटर्सबर्ग आणि जपानमधलं मोतेगी. वाटलं, हे वर्ष त्याचंच. मग मे महिना आला आणि इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत आली.

या शर्यतीवर थोडं थांबतो. 200 फेऱ्यांपैकी 148 फेऱ्या व्हेल्डन आघाडीवर होता आणि तरीही शेवटी चौथा आला. कॅस्ट्रोनेव्हेस टक्कर होऊन अर्ध्यावरच बाहेर पडला. हॉर्निशची कथा तर वेगळीच. पिटमधून निघताना इंधनाचा पाइप गाडीला अडकलेला असतानाच त्याने गाडी हाणली. त्याबद्दल शिक्षा म्हणून पिटच्या रस्त्यातून सावकाश जाऊन यावं लागलं, आणि दिवस हातातून गेला असंच सगळ्यांनी धरलं. तिथून तो एकेक गाडी मागे टाकत पुढे आला. शेवटच्या फेरीत पुढे होता 19 वर्षांचा नवखा मार्को आंद्रेत्ती. त्याच्या आजोबांनी, मारिओ आंद्रेत्तींनी, 1969 मध्ये ही शर्यत जिंकली होती. वडील मायकल त्याच शर्यतीत त्याच्या मागेच होते, तेही आयुष्यभर या एका विजयाच्या मागे धावलेले. शेवटचं वळण संपलं तेव्हाही मार्को पुढे होता. रेषा दिसत असताना हॉर्निश त्याच्या मागच्या हवेतून आतल्या बाजूला सरकला आणि 0.0635 सेकंदाने जिंकला. सहा मीटरच्या आसपासचं अंतर. आंद्रेत्ती घराण्याच्या दोन पिढ्या दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर आल्या. हे चित्रण मिळालं तर जरूर पाहा. मार्कोच्या जागी बसून पाहा.

उन्हाळा भराभर सांगतो. डिक्सनने वॉटकिन्स ग्लेन आणि नॅशव्हिल घेतलं. हेलिओने टेक्सास आणि मिशिगन. हॉर्निशने रिचमंड, कॅन्सस आणि केंटकी, पैकी कॅन्सस 2 जुलैला, स्वतःच्या वाढदिवशी. मिलवॉकी टोनी कनानला मिळालं, आणि सोनोमाला अखेर पोरगेला मार्को जिंकला. व्हेल्डनच्या नावावर होमस्टेडनंतर एकही विजय नव्हता, पण तो सारखा वरच्या क्रमांकांत येत राहिला.

10 सप्टेंबर. शिकागोजवळचा शिकागोलँड ट्रॅक, 200 फेऱ्या, शेवटची शर्यत. त्या सकाळचा तक्ता असा : कॅस्ट्रोनेव्हेस 441, हॉर्निश 440, व्हेल्डन 422, डिक्सन 420. चौघांत 21 गुणांचं अंतर आणि एका विजयाचे 50. म्हणजे चौघांनाही गणित खुलं होतं. ट्रॅकही असा की 2002 मध्ये इथेच याच हॉर्निशने अल अन्सर ज्युनिअरला 0.0024 सेकंदाने हरवलं होतं. अंतरात मोजलं तर वीतभर. इंडीकारच्या इतिहासात त्याहून कमी फरकाचा विजय नाही.

शर्यत व्हेल्डनने जिंकली, आणि सर्वाधिक फेऱ्यांचे 3 गुणही त्यानेच नेले. डिक्सन दुसरा. हॉर्निश तिसरा, कॅस्ट्रोनेव्हेस चौथा.

आता पाटी-पेन्सिल घ्या. व्हेल्डन : 422 अधिक 53, म्हणजे 475. हॉर्निश : 440 अधिक 35, म्हणजे 475. कॅस्ट्रोनेव्हेस : 441 अधिक 32, म्हणजे 473. डिक्सन : 420 अधिक 40, म्हणजे 460.

आबांनी विचारलेली वेळ प्रत्यक्षात अशी आली होती. नियम सांगतो : गुण सारखे झाले की ज्याचे विजय जास्त, तो वर. हॉर्निशचे चार विजय, व्हेल्डनचे दोन. करंडक हॉर्निशकडे गेला. शेवटची शर्यत जिंकूनही व्हेल्डन वर्षाचा दुसरा ठरला.

त्या दिवशी शेवटच्या फेऱ्यांत प्रेक्षकांचे डोळे पहिल्या जागेवर असणार, ते साहजिकच आहे. पण वर्षाचा निकाल लागत होता तिसऱ्या जागेवर. व्हेल्डन जिंकतोय आणि 3 गुणही नेतोय असं धरलं, तर हॉर्निशला तिसरं येणं भागच होतं. चौथा आला असता तर त्याचे 472 झाले असते आणि तो बाद. आणि त्या दोघांच्या जागा उलट झाल्या असत्या, म्हणजे हेलिओ तिसरा आणि सॅम चौथा, तर हेलिओचे 476. व्हेल्डनच्या 475 हून एक जास्त. म्हणजे एकाच मालकाचे दोन चालक, एकाच बनावटीच्या गाड्या, आणि दोघांपैकी जो तिसरा येईल तो वर्षाचा विजेता.

ते 3 गुणही बघा. व्हेल्डनला शिकागोत ते मिळाले नसते तर त्याचे 472 राहिले असते, म्हणजे बरोबरी सोडाच, तो हेलिओच्याही खाली तिसरा गेला असता. आणि आता होमस्टेडला परत जा. मार्चमधल्या त्या दीड मीटरच्या आत हेलिओ पुढे असता, तर त्याचे 10 गुण वाढून 483 झाले असते आणि व्हेल्डनचे तितकेच घटून 465. हॉर्निश 475 वरच. करंडक हेलिओचा. हा हिशोब कागदावरचा आहे हे मला मान्य आहे. एक निकाल बदलला की पुढे माणसं वेगळी चालवतात, धोके वेगळे पत्करतात. तरीही मला या खेळातलं हेच सगळ्यात जास्त भावतं की, शेवटच्या दिवसाइतकाच पहिला दिवसही भारी असतो. पहिल्या शर्यतीत दुसरा आलेला माणूस घरी जाताना "पुढे भरून काढू" म्हणतो. नेहमी ते भरून निघतंच असं नाही.

विजय मोजण्याचा नियम योग्य की अयोग्य? काहींचं म्हणणं असं की, वर्षभर सातत्याने वर राहणाऱ्याला तो मागे टाकतो. मला नियम पटतो. सातत्याचं मोल गुणांत आधीच धरलेलं असतं. दोन विजयांवर व्हेल्डन 475 ला पोहोचला तो त्याच जोरावर. तराजू समतोल झाल्यावर पुन्हा सातत्याचंच वजन कशाला टाकायचं? तिथे ज्याने अधिक वेळा सगळ्यांना मागे टाकलं त्याचा हक्क मोठा.

हा नियम कसा फिरून येतो याचं उदाहरण हुआन पाब्लो मोन्तोया या कोलंबियन चालकाचं. 1999 मध्ये तेव्हाच्या कार्ट या दुसऱ्या ओपन-व्हील मालिकेत त्याचे आणि स्कॉटलंडच्या दारिओ फ्रँकिट्टीचे 212-212 झाले. मोन्तोयाचे सात विजय, फ्रँकिट्टीचे तीन, म्हणून मोन्तोया विजेता. त्याच शेवटच्या शर्यतीत ग्रेग मूर हा कॅनडाचा तरुण चालक गेला, म्हणून त्या विजेतेपदाचा आनंद कोणालाच साजरा करता आला नाही. पुढे 2015 मध्ये मोन्तोया पहिल्या शर्यतीपासून तक्त्यात वर होता. शेवटच्या दिवशी सोनोमाला डिक्सन जिंकला आणि दोघांचे 556-556 झाले. डिक्सनचे तीन विजय, मोन्तोयाचे दोन. ज्या नियमाने त्याला दिलं होतं, त्यानेच 16 वर्षांनी काढून घेतलं. हा तोच डिक्सन, जो 2006 मध्ये चौथा होता.

बरोबरीपर्यंत न पोहोचलेला, पण मला सर्वांत प्रिय असलेला निकाल 1985 चा. कार्ट मालिकेची शेवटची शर्यत मायामीत होती. विजेतेपदासाठी दोघे उरले होते : 46 वर्षांचे अल अन्सर आणि त्यांचा 23 वर्षांचा मुलगा, अल अन्सर ज्युनिअर. मुलगा तिसरा आला. बापाला चौथं येणं भाग होतं, आणि त्यांनी शेवटच्या फेऱ्यांत रोबेर्तो मोरेनोला मागे टाकून ती जागा मिळवली. बाप 151, मुलगा 150. जिंकायचं कोणासमोर आणि हरवायचं कोणाला, हे ठरवताना त्या बापाच्या पोटात काय झालं असेल? पण त्यांनी गाडी सोडून दिली नाही, आणि मुलाचा मान राखला तो असाच राखला असं मी समजतो.

2006 चे चौघे पुढे कुठे गेले? हॉर्निश 2008 मध्ये नॅसकारकडे, म्हणजे बंद गाड्यांच्या शर्यतींकडे वळला. व्हेल्डनने 2011 मध्ये इंडियानापोलिस दुसऱ्यांदा जिंकलं आणि त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला लास वेगासच्या शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. डिक्सन एकामागून एक विजेतेपदं घेत गेला. आणि हेलिओ कॅस्ट्रोनेव्हेस? त्याने इंडियानापोलिस चार वेळा जिंकलं, 2001, 2002, 2009 आणि 2021. या शर्यतीत चारपेक्षा जास्त विजय कोणाचेच नाहीत. पण मालिकेचं विजेतेपद त्याच्या नावावर एकदाही लागलं नाही. 2002, 2008, 2013 आणि 2014, चार वेळा तो दुसरा आला. 2006 मध्ये तिसरा, दोन गुणांनी.

पुढच्या भागात शेवटच्या शर्यतीला दुप्पट गुण देण्याच्या पद्धतीबद्दल लिहीन. 2015 मध्ये ती लागू होती, आणि ती मला का पटत नाही तेही सांगेन.