रस्ता एक, मालक दोन!

रात्रीचे पावणेदोन. दाराची बेल वाजली. एकदा नाही, सलग चार वेळा. दार उघडलं तर वरच्या मजल्यावरचा मुलगा धापा टाकत उभा. "दादा, ती ग्रे कार तुमचीच ना? अ‍ॅम्ब्युलन्स अडकलीये!"

किल्ली शोधण्यात दोन मिनिटं गेली. धावत खाली पोचलो तेव्हा समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघं जण गल्लीच्या तोंडापर्यंत उचलून नेत होते. मागे काकू, हातात रिपोर्टची फाइल, पाय अनवाणी. काका वाचले, चार दिवसांनी घरीही आले. पण ती खुर्ची काही माझ्या डोक्यातून जाईना. कारण गल्लीच्या एका बाजूला नेहमीच्या गाड्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला माझी. ऑफिसातून उशीर झाला, जागा मिळेना, म्हटलं रात्रीपुरती लावू. कोण बघतंय?

रविवारी सोसायटीची मीटिंग. "कॉर्पोरेशनला पत्र द्या," एक काका म्हणाले. "छे हो, गाड्या उचलतात पोलीस!" दुसरे. "नगरसेवकाला गाठा," तिसरे. आजोबांनी जागा धरायला रस्त्यावर मांडलेल्या कुंड्यांचा विषय मात्र कुणीच काढला नाही. तासाभराने ठरलं एवढंच, की पुढच्या रविवारी पुन्हा भेटायचं!

मग म्हटलं, बघू या तरी, घरासमोरचा हा रस्ता नक्की चालवतं कोण?

एकाकडे रंग, दुसऱ्याकडे व्हॅन

आपल्या पुण्याचंच घ्या. रस्ता करायचा, पट्टे मारायचे, पाट्या लावायच्या, पे अँड पार्कची कंत्राटं द्यायची, हे काम महापालिकेचं. पण नो पार्किंग कुठे आणि सम-विषम तारखेचं पी-१, पी-२ कुठे, याचे आदेश काढते पोलिसांची वाहतूक शाखा. गाडी उचलणं, जॅमर लावणं, दंड करणं, तेही त्यांच्याकडेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ११७ म्हणतं, की पार्किंगच्या जागा राज्य सरकारने किंवा त्याने अधिकार दिलेल्या यंत्रणेने स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवायच्या. कलम १२७ प्रमाणे मनाईच्या जागी लावलेली किंवा दहा तास बेवारस उभी असलेली गाडी हलवायची, तर हुकूम गणवेशातल्या पोलिसाचा लागतो.

पैशाचंही तसंच. पार्किंगचं शुल्क जातं पालिकेच्या तिजोरीत आणि चलनाचा दंड राज्याच्या. म्हणजे शिस्त लावायला ज्याच्याकडे माणसं आहेत, त्याच्या हातात रस्त्याची आखणी नाही. आणि ज्याच्याकडे आखणी आहे, त्याच्याकडे टोइंग व्हॅन नाही. आता बोला!

प्रयत्न झाले की!

मुंबई महापालिकेने २०१५ मध्ये नवं पार्किंग धोरण आणलं. त्यात रहिवाशांनी रात्री बिल्डिंगबाहेरच्या रस्त्यावर पैसे भरून गाडी लावायची, अशी सोय होती. त्याला राज्य सरकारने स्थगिती दिली. पुढे ७ जुलै २०१९ पासून पालिकेने स्वतःच दंड वसूल करायला सुरुवात केली. सार्वजनिक वाहनतळापासून ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली, तर कारला १० हजार रुपये! एवढा आरडाओरडा झाला, की नंतर हा आकडा खाली आणावा लागला.

पुण्यात मार्च २०१८ मध्ये जवळपास सगळ्या शहरात पैसे घेऊन पार्किंग करायचं धोरण सभागृहात आलं. प्रचंड विरोध झाला. शेवटी ते प्रायोगिक म्हणून फक्त पाच रस्त्यांवर आलं, आणि तिथेही घोडं अडलं. मोर्च्यांमध्ये फुकट पार्किंगच्या हक्काची भाषा होती. खरं सांगू? तेव्हा मीही मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या.

तिकडे काय झालं?

लंडनमध्ये पूर्वी रस्त्यावरच्या पार्किंगचं काम पोलिसांकडे होतं. १९९१ च्या कायद्याने ते पालिकांकडे आलं. परमिट, पट्टे, दंड, सगळं एका छताखाली. प्रश्न सुटला? एक सुटला, दुसरा उभा राहिला. उत्तर लंडनमधल्या बार्नेट पालिकेने रहिवाशांच्या परमिटचा दर ४० पौंडांवरून थेट १०० पौंड केला. रहिवासी कोर्टात गेले. जुलै २०१३ मध्ये हायकोर्टाने स्पष्ट सांगितलं, की पार्किंगचे अधिकार रहदारी सांभाळायला दिलेत, तिजोरी भरायला नाही. वाढ रद्द!

यातली मेख लक्षात घ्या. तिथे निदान कुणाला कोर्टात खेचायचं, हे लोकांना माहीत होतं. आपल्याकडे तक्रारीचं पत्र कुणाच्या नावाने लिहायचं, यावरच मीटिंग संपते.

दोन प्रती

पुढच्या रविवारी मी अर्ज टाइप करून नेला. दोन प्रती, एक पालिकेसाठी, एक वाहतूक शाखेसाठी. मागणी एकच, गल्लीच्या एका बाजूला कायमचं नो पार्किंग. आजोबा आधी रागावले, मग म्हणाले, "कुंड्या उचलतो, पण गाडी कुठे लावू ते सांग." उत्तर माझ्याकडेही नव्हतं. मी स्वतः सध्या दीड किलोमीटर लांब एका प्लॉटवर महिन्याचे पैसे देऊन गाडी लावतो आणि ऑफिसच्या शूजमध्ये चालत घरी येतो. रोज वैताग येतो, खोटं कशाला बोलू?

सही करायला काकूही आल्या होत्या. त्यांनी कागद वाचला, सही केली आणि मला विचारलं, "ही बाजू म्हणजे तू गाडी लावायचास तीच ना?"

म्हटलं, "हो काकू. तीच."