बाटली एक, वास तीन

दिवाळीच्या पहाटे डोंबिवलीच्या फडके रोडला कधी गेलायत? नवे कपडे, थेट गणपती मंदिरापर्यंत गर्दी आणि जो तो परफ्युममध्ये न्हालेला. गेल्या दिवाळीला आम्ही तिघींनी कॉन्ट्री काढून एकच परफ्युम घेतला. एकीच्या अंगावर तो व्हॅनिलासारखा दरवळला, दुसरीच्या अंगावर फुलांसारखा. माझा हात हुंगून मैत्रीण म्हणाली, "शी, ओल्या नाण्यांसारखा वास येतोय तुला!" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी जाऊन मात्र पुन्हा आंघोळ केली. आपल्यातच काहीतरी गडबड आहे, असं दिवसभर वाटत राहिलं.

तुम्हालाही कधी असं वाटलं असेल, तर हे वाचाच.

परफ्युममध्ये बरेच वास एकत्र असतात आणि ते पाळीपाळीने उडतात. लिंबू-संत्र्यासारखे हलके वास पहिल्या काही मिनिटांत जातात, मग फुलांचे, आणि चंदन, व्हॅनिला, मस्क शेवटपर्यंत मागे राहतात. हा वेग ठरवते तुमची त्वचा. कोरड्या त्वचेवरून परफ्युम भरभर उडतो, तेलकट त्वचेवर टिकतो. अंग गरम असेल तर आणखी लवकर उडतो. म्हणजे एकाच क्षणी तिघींच्या मनगटावर परफ्युमचे तीन वेगळे टप्पे चालू असू शकतात.

त्यात आपला स्वतःचा वास मिसळतो. ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. तो तयार करतात त्वचेवरचे जिवाणू, आणि ते प्रत्येकाचे वेगळे. एबीसीसी११ नावाच्या जनुकाचाही यात हात आहे. त्याच्या एका प्रकारामुळे काही जणांच्या काखेला फारसा वासच येत नाही, आणि गंमत म्हणजे त्यांच्या कानातला मळही कोरडा असतो. खाण्याचाही परिणाम होतो. थंडीत आजीचे मेथीचे लाडू खाल्लेत की घामालाही मेथीचा वास येतो, हे अनुभवलं असेलच.

आणि हुंगणारं नाक? वास ओळखणाऱ्या ग्राहींचे सुमारे ४०० प्रकार आपल्या नाकात असतात. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चं नोबेल मिळालं. पण प्रत्येकाचा संच थोडा वेगळा असतो. काहींना तर मस्कचे ठरावीक प्रकार जाणवतच नाहीत. त्यामुळे 'शी' म्हणणारं नाक हे शेवटचं कोर्ट नव्हे!

२०१२ मध्ये चेक संशोधकांनी एक भारी प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी स्वतः निवडलेला परफ्युम आणि त्यांना असाच दिलेला दुसरा परफ्युम, दोन्ही त्यांच्या अंगावर लावून इतरांना हुंगायला दिले. नुसते परफ्युम साधारण सारखेच आवडत होते. पण अंगाच्या वासात मिसळल्यावर स्वतः निवडलेला सरस ठरला. थोडक्यात, आपल्याला काय शोभतं ते आपल्या नाकाला बऱ्यापैकी कळतं.

म्हणून पॉकेटमनी उडवण्याआधी एवढं करा. कागदाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका. कागदाला ना ऊब, ना तेल. दुकानात मनगटावर एकच फवारा मारा, हात चोळू नका. तलावपाळीला चक्कर मारा, लोकल पकडून घरी जा आणि संध्याकाळी पुन्हा हुंगा. तेव्हाही आवडला, तरच घ्या. आणि तासाभरात स्वतःला वास येईनासा झाला म्हणून परत फवारू नका. नाक सरावलेलं असतं. डब्यातल्या शेजाऱ्याचं नसतं.

यातच करिअर करावंसं वाटलं, तर ठाण्याच्या पुढच्याच स्टेशनवर, मुलुंडच्या वझे-केळकर कॉलेजात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे.

आमची ती बाटली आता मैत्रिणीकडे असते. व्हॅनिला तिलाच शोभतो. मी दोन महिने हुंगत हुंगत वाळ्याच्या अत्तरापाशी येऊन थांबले. या दिवाळीला फडके रोडवर भेटलात, तर कसं वाटतं ते सांगा. नाही आवडलं तरी चालेल. या वेळी मी दुसरी आंघोळ करणार नाहीये.