वाटाण्याएवढी ग्रंथी, लिंबाएवढी गाठ

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी लोंबते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, आकार वाटाण्याएवढा. नाव पीयूषिका, दवाखान्यात मात्र सगळे पिट्युटरीच म्हणतात. उंची, पाळी, बाळंतिणीचं दूध, अंगातलं पाणी, सगळ्यावर तिचा हुकूम चालतो.

तिच्यात होणाऱ्या गाठी बहुतेक साध्या, म्हणजे कॅन्सरच्या नव्हेत. पण जागाच अशी अडचणीची, की साधी गाठही डोळे घालवते. ती वर चढली की डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे दाब पडतो. मग समोरचं दिसतं, कडेचं नाही. चष्मे बदलत राहतात, दृष्टी काही सुधारत नाही. दुसऱ्या जातीची गाठ वाढीचं संप्रेरक ओतत राहते: अंगठी बोटात जात नाही, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. १८८६ साली फ्रेंच डॉक्टर पिएर मारी यांनी याला ॲक्रोमेगली हे नाव दिलं. हे इतकं सावकाश घडतं, की लग्नातला फोटो शेजारी धरेपर्यंत घरच्यांनाही कळत नाही.

आपल्या देशात खरी अडचण या उशिराचीच: निदान होईपर्यंत गाठ लिंबाएवढी झालेली असते. चार सेंटिमीटरहून मोठ्या गाठीला डॉक्टर ‘जायंट’ म्हणतात. तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेले डॉ. अतुल गोयल आणि सहकारी यांनी २००४ मध्ये अशा ११८ शस्त्रक्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गाठ काढायला नाकाच्या वाटेने जाण्याची युक्ती १९०७ मध्ये इन्सब्रुकला श्लोफर या शल्यविशारदांनी प्रथम वापरली. आता ते काम बहुधा दुर्बिणीतून होतं, कवटी न उघडता.

पण सुधारणा म्हणजे केवळ महागडी यंत्रं, असं मला वाटत नाही. रुग्णाला समोर बसवा, एक डोळा झाकायला सांगा, आपलं बोट कडेने हलवत आत आणा. खर्च शून्य, आणि कडेची नजर गेलेली कळते. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, बनवणारी गाठ तर बहुधा गोळ्यांनीच आक्रसते, कॅबरगोलिनच्या आठवड्याला साधारण दोन. गंमत अशी, की गाठ फार मोठी असेल तर रक्तात प्रोलॅक्टिनचा इतका पूर येतो की तपासणीच गोंधळते आणि आकडा खोटा, कमी दाखवते. रक्ताचा नमुना पातळ करून पुन्हा तपासला की खरा आकडा बाहेर येतो. एवढं न केल्याने गोळीवर भागणारा माणूस ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ शकतो.

ऑपरेशननंतरही लक्ष हवंच. ग्रंथी थकली असेल तर स्टेरॉइडची स्वस्त गोळी जन्मभर घ्यावी लागते. गावी गेल्यावर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून ती बंद केली, की साधा तापही जिवावर बेततो. तापात उलट डोस वाढवायचा असतो, हे घरातल्या एकाला तरी पाठ असलं पाहिजे.

घरात कुणाची अंगठी अकारण घट्ट होत असेल, तर सोनाराकडे जाण्याआधी डॉक्टरांकडे जा.